नकाशा मोठा, लक्षण खोटं

आमच्या विंगमध्ये भांडणं तशी कमीच. झालीच तर तीन गोष्टींवरून होतात : गिझर, मेसचं बिल आणि गेम. पहिल्या दोन प्रकरणांत रेक्टर सर लक्ष घालतात. तिसऱ्यात घालत नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं, की गेल्या टर्मला आम्ही सहा जणांनी कॉन्ट्रिब्युशन काढून एक रेसिंग गेम घ्यायचं ठरवलं. पीसी म्हणावा असा पीसी विंगमध्ये एकच, नागपूरकराचा. बाकी सगळे लॅपटॉप म्हणजे नुसते गरम होणारे डबे. सेल लागला होता, चार-पाच नावं समोर होती. गाड्या किती, हँडलिंग कसं, जुन्या ग्राफिक्स कार्डवर चालेल का, यातलं काही कुणी विचारलं नाही. नागपूरकराने पहिला प्रश्न टाकला, "मॅप केवढा आहे बे?" आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत चौरस किलोमीटरवरून जे रणकंदन झालं, ते खालच्या मजल्यावरच्या फर्स्ट इयरवाल्यांना अजून आठवत असेल.

मित्रहो, बिल्डर फ्लॅट विकताना 'सुपर बिल्ट-अप' सांगतो आणि आपण राहायला जातो कार्पेट एरियात. ओपन वर्ल्ड रेसिंग गेमच्या नकाशाचं अगदी तसंच आहे. जाहिरातीत दिसतं ते सुपर बिल्ट-अप. चाकाखाली येतो आणि लक्षात राहतो तो कार्पेट. माझं म्हणणं एवढंच, की भांडायचं तर कार्पेटवरून भांडा.

आता आकड्यांवर येतो, नाहीतर इंजिनिअरिंगला येऊन काय शिकलो असं मॅडम विचारतील.

२००९ साली 'फ्युएल' नावाचा गेम आला. फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने केलेला, कोडमास्टर्सने काढलेला. त्यात गाडी चालवता येईल असं क्षेत्रफळ १४,४०० चौरस किलोमीटर. गिनीज बुकात नोंद वगैरे झाली. आख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे या गेममध्ये जवळजवळ चार गोवे बसतात. पुणे जिल्ह्यापेक्षा तो किंचितच लहान. आता एक गणित करा. जमिनीची उंची एका मीटरला एक बिंदू या हिशेबाने साठवायची म्हटली, तर १,४४० कोटी बिंदू झाले. प्रत्येकी दोन बाइट धरले तरी २८.८ जीबी, आणि ही नुसती उंची! झाडं, दगड, रस्ते, आवाज सगळं वेगळं. त्या काळच्या ड्युअल लेयर डीव्हीडीत मावतात ८.५ जीबी. मग हे बसवलं कसं? तर बसवलंच नाही. बराचसा प्रदेश सूत्रावरून तयार होतो. गाडी जशी पुढे सरकते तशी प्रोग्रॅम पुढची जमीन रचत जातो. इंजिनिअर म्हणून या कामगिरीला माझा साष्टांग नमस्कार. याच असोबोने पुढे २०२० सालचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर केला, ज्यात आख्खी पृथ्वी आहे. ही विद्या त्यांच्या हातात आधीपासून होती.

पण विमानातून खाली बघणं वेगळं आणि जमिनीवरून गाडी हाकणं वेगळं. 'फ्युएल' मी भरपूर खेळलोय (कॉपी कुठली हे विचारू नये, संपादक मंडळ अडचणीत येईल). पहिला अर्धा तास माणूस खरंच चाट पडतो. क्षितिजापर्यंत दिसतं तिथे खरंच जाता येतं, मध्ये लोडिंग नाही. वाळूची वादळं आहेत, चक्रीवादळ अंगावर येतं. पण तासाभराने लक्षात येतं, की या टेकडीमागे जे आहे तेच मागच्या टेकडीमागे होतं. तीच पाइनची झाडं, तोच फाटका डांबरी रस्ता. सूत्राला टेकडी कशी करायची ते कळतं. 'ही टेकडी' कशी करायची ते कळत नाही.

आणि रेसिंग गेमचा खरा शत्रू वेग. ताशी २५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० मीटर. दहा किलोमीटर रुंदीचा नकाशा आडवा पार करायला अडीच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. चालत फिरायच्या गेममध्ये हाच नकाशा दोन तास पुरतो. म्हणजे गाडी फास्ट केली की नकाशा आपोआप लहान होतो, म्हणून कंपनी नकाशा वाढवते, नकाशा वाढला की तो भरायला माणसं पुरत नाहीत, म्हणून मोकळी जागा वाढते, आणि मोकळी जागा कंटाळवाणी म्हणून गाडी आणखी फास्ट! आमच्या मेसच्या आमटीचं तंत्र हेच आहे. माणसं वाढली की पाणी.

उलट बाजूला 'बर्नआउट पॅराडाइज' घ्या, २००८ सालचा, क्रायटेरियनचा. पॅराडाइज सिटी हे काल्पनिक शहर 'फ्युएल'समोर अक्षरशः ठिपका आहे. पूर्वेला शहर, पश्चिमेला डोंगर आणि तळं. पण या लोकांनी एक फार हुशार गोष्ट केली. प्रत्येक सिग्नलवर एक स्पर्धा सुरू होते आणि रेस संपते ती मात्र ठरलेल्या आठच ठिकाणी : पवनचक्क्या, वेधशाळा वगैरे. रस्त्यावर बाण काढलेले नाहीत, रेघ नाही. वरती रस्त्याचं नाव लुकलुकतं, वळायचं तर वळा. कसंही जा. परिणाम काय होतो? दहाव्यांदा पवनचक्क्यांकडे निघालात की तुम्हाला आतला रस्ता माहीत झालेला असतो. रेल्वेच्या रुळांवरून गेलं तर चौक टळतो, हे कुणी सांगत नाही, स्वतःला कळतं. नगरच्या माणसाला नगरचे बोळ जसे कळतात तसं.

२००५ च्या 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड'चंही तेच. त्या रॉकपोर्ट शहरात रात्र कधी होतच नाही, सदा आपलं सोनेरी ऊन. पर्यावरणाची विविधता म्हणाल तर पास होण्यापुरते मार्क. पण पोलीस मागे लागले, की डोनटच्या दुकानावरचा तो अवाढव्य डोनट कुठे आहे आणि तिथपर्यंत कुठून जायचं, हे माझ्या थोरल्या भावाला अजून पाठ आहे. त्याला आता दोन मुलं आहेत.

आम्ही एकदा एक प्रयोग केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात जो छोटा नकाशा असतो, त्यावर असाइनमेंटच्या कागदाचा तुकडा चिकटवला. मग एकेकाला बसवून सांगायचं, अमुक ठिकाणी जाऊन दाखव. 'मोस्ट वाँटेड'मध्ये सांगलीकर न चुकता गेला. 'बर्नआउट'मध्ये मी एकदा चुकून पोचलो. 'फ्युएल'मध्ये कुणीच नाही, जळगावकर तर वीस मिनिटांनी गाडी थांबवून म्हणाला, "भाऊ, मी आता इथेच राहतो." कागद चिकटवून जेवढं ओळखता येतं तेवढाच नकाशा खरा, बाकी सगळा सातबाऱ्यावर, अशी माझी व्याख्या आहे. नागपूरकराला ती मान्य नाही. तो म्हणतो, हरवण्यात पण मजा असते. असेल. पण हरवायला आधी काहीतरी ओळखीचं असावं लागतं ना!

आता विविधतेकडे वळू, कारण मॅपचा आकार हरला की लोक लगेच 'बायोम' काढतात.

२०२१ चा 'फोर्झा होरायझन ५' मेक्सिकोत घडतो. त्यात ११ वेगवेगळे प्रदेश आहेत, आणि आधीच्या ब्रिटनच्या नकाशापेक्षा तो दीडपट आहे असं करणाऱ्यांनीच सांगितलं होतं. ज्वालामुखी आहे, वाळवंट आहे, जंगल आहे, दलदल आहे, ग्वानाह्वातोची रंगीत घरं आणि बोगदे आहेत. नागपूरकराच्या पीसीवर तो सगळ्यात कमी सेटिंगला जरी लावला, तरी विंगमधले लोक दारात उभे राहून बघतात. दिसायला अप्रतिम, वाद नाही. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. वाळवंटातून निघालात की दोन-चार मिनिटांत जंगल, जरा पुढे दलदल. मॉलमधल्या फूड कोर्टसारखं. डोसा, चायनीज, पंजाबी सगळं आहे, पण एकातून दुसरं आलेलं नाही.

खऱ्या जमिनीवर तसं नसतं. 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड' हा २००६ चा गेम हवाईमधल्या ओआहू या खऱ्या बेटावर बेतला होता. रस्ते जवळजवळ १,६०० किलोमीटर. ओआहूवर दोन डोंगररांगा आहेत, पूर्वेला कोओलाऊ आणि पश्चिमेला वायआनाए. वारा ईशान्येकडून येतो, कोओलाऊला अडतो, तिथे पाऊस पाडतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. म्हणून एक बाजू हिरवीगार आणि दुसरी तपकिरी. आपल्याला हे नवीन नाही : सह्याद्रीचा माथा ओला चिंब आणि पूर्वेला गेलात की इंदापूर-दौंड कोरडं. तर त्या बेटावर 'बायोम' अकरा नाहीत, फार तर तीन-चार. पण ते वाऱ्याने आणि डोंगराने ठरवलेल्या जागी आहेत. त्यामुळे हिरवळ विरळ व्हायला लागली की आपण डोंगर ओलांडला हे पाटी न वाचता समजतं. गंमत म्हणजे त्या पहिल्या भागात पाऊस नव्हताच; पाऊस आणि दिवस-रात्र २०११ च्या दुसऱ्या भागात आले. पाऊस नसलेल्या गेममध्येसुद्धा पावसाने घडवलेली जमीन होती. 'द क्रू'वाल्यांनी २०२३ च्या 'मोटरफेस्ट'साठी परत ओआहूच का निवडलं, याचं मला म्हणून आश्चर्य वाटलं नाही. त्या कंपनीत 'टेस्ट ड्राइव्ह'ची जुनी मंडळी होतीच.

विविधता वाढवायचा आणखी एक मार्ग आहे, तो मला जास्त आवडतो. 'फोर्झा होरायझन ४' (२०१८) मध्ये ऋतू होते. दर आठवड्याला, गुरुवारी, सगळ्यांसाठी ऋतू बदलायचा. उन्हाळ्यात जे तळं वळसा घालून जायचं, ते हिवाळ्यात गोठायचं आणि त्यावरून गाडी घालता यायची. म्हणजे जमीन एक इंचही न वाढवता नवा रस्ता! नकाशा जागेत न वाढवता काळात वाढवला. ज्याला सुचलं त्याला कुणीतरी चहा पाजला पाहिजे.

'द क्रू' या २०१४ च्या गेमबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. त्यात आख्खी अमेरिका होती. न्यूयॉर्कहून निघून लॉस एंजेलिसला पोचायला साधारण पाऊण तास. खरं अंतर साडेचार हजार किलोमीटर. सरासरी ताशी २०० धरली तर गेममधलं अंतर झालं दीडशे, म्हणजे स्केल एकास तीस. माझ्या सगळ्या नियमांप्रमाणे हा फसवा नकाशा. तरीही खरं सांगतो, ईस्ट कोस्टची पानगळ मागे पडून मैदान लागायचं, मग रॉकी पर्वत, मग वाळवंट, आणि शेवटी समुद्र. क्रम खरा होता. क्रम खरा असला की स्केल माफ करता येतं, असं मला वाटायला लागलं होतं. पण हा गेम सर्व्हरशिवाय चालायचाच नाही आणि ३१ मार्च २०२४ ला तो सर्व्हर बंद झाला. पैसे भरून घेतलेला असो वा नसो, ती अमेरिका गेली. यावरून जगभर आरडाओरडा झाला, 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उभी राहिली, आणि 'द क्रू २'ला २०२५ साली ऑफलाइन खेळायची सोय मिळाली. पहिला मात्र अधिकृतपणे कुठेच नाही. तेव्हा आमच्या रात्री दोनच्या सभेत मी हा मुद्दा मांडला, की क्षेत्रफळाआधी हे विचारा : नेट बंद असताना हा नकाशा उघडतो का? आपल्या होस्टेलच्या नेटची अवस्था बघता हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे.

एवढं सगळं मी अधिकाराने बोलतोय, कारण हीच चूक मी स्वतः करून बसलोय. आमचा फायनल इयर प्रोजेक्ट म्हणजे भोर-महाड रस्त्यावरच्या वरंधा घाटात गाडी चालवायचा गेम. सिनॉप्सिसमध्ये छाती फुगवून लिहिलं, '१०० चौरस किलोमीटर'. नासाने फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून पृथ्वीची उंची मोजली, तो डेटा ३० मीटरला एक बिंदू असा फुकट मिळतो. तो घेतला, इंजिनमध्ये ओतला, अर्ध्या दिवसात डोंगर तयार. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

मग रस्ता टाकला आणि जीप सरळ दरीत. कारण उघड आहे : घाटातला रस्ता सहा-सात मीटर रुंद, आणि आमचा बिंदू ३० मीटरला एक. डोंगर कापून केलेला तो सपाट पट्टा त्या डेटात मुळी दिसतच नाही. उतारावर रस्ता चिकटवला की तो उताराइतकाच कलंडतो. सांगलीकर सिव्हिलचा, त्याला मिसळ कबूल करून बसवलं. त्याने कापणी-भरणी समजावली, हेअरपिनची आतली त्रिज्या कमीत कमी १४ मीटर असते आणि डोंगरात सुपरएलिव्हेशन फार तर १० टक्के, हे सांगितलं. मी हिशेब केला. घर्षणांक ०.८ धरून १४ मीटरच्या वळणावर ताशी ३८ च्या वर गाडी टिकत नाही. शंभरच्या वेगाने वळायचं तर त्रिज्या शंभर मीटर हवी. पण शंभर मीटरचं वळण घातलं की तो वरंधा राहतच नाही, एक्सप्रेस-वे होतो. म्हणजे गाडी आणि जमीन वेगवेगळी ठरवताच येत नाही. शेवटी रेसिंग कार काढून वडापची जीप टाकली.

तरी पहिल्या रिव्ह्यूला आम्ही शंभर चौरस किलोमीटरच दाखवले. लॅबमधले काका घाटाखालच्या गावचे. कौतुकाने त्यांना बसवलं. त्यांनी दोन बोटांनी जीप पाच मिनिटं चालवली आणि म्हणाले, "ह्यो आमचा घाट होय? मला तर कुठलाबी वाटतोय. वाघजाईचं देऊळ कुठाय? भजीवाले कुठायत?"

त्या आठवड्यात आम्ही नव्वद टक्के नकाशा डिलीट केला. फक्त रस्ता ठेवला आणि दोन्ही बाजूंना डोळ्यांना दिसेल तेवढी जमीन. दोन रविवार बाईकवर जाऊन वळणं मोजली, कठड्यांचे फोटो काढले, देवघर धरणाचं पाणी कुठून दिसायला लागतं ते लिहून आणलं. दुसऱ्या रिव्ह्यूला "स्कोप कमी केला" म्हणून आमचे मार्क कापले गेले. मी समजावायचा प्रयत्न केला, पण समोर शंभर आणि दहा असे दोन आकडे लिहिलेले असले की दहाची बाजू घेणं अवघड असतं. मार्कांचं दुःख आहेच, खोटं कशाला बोला. पण त्याच संध्याकाळी काका परत बसले आणि तिसऱ्या वळणाआधी त्यांनी आपणहून ब्रेक दाबला. म्हणाले, "हितं समोरून यष्टी येती."

आमच्या गेममध्ये यष्टी अजून नाही.

असो. विंगमधलं मतदान तीन-तीन झालं, म्हणून चिठ्ठी टाकली आणि स्वस्तातला 'बर्नआउट'चा २०१८ चा सुधारित अवतार घेतला. उरलेल्या पैशांत सांगलीकराची मिसळ झाली. नागपूरकर अजून चिडलेला आहे, पण मिनीमॅपवर कागद लावून आता तोच सगळ्यात आधी वेधशाळेला पोचतो.

वरंध्याची फाइल आमच्या रूमवर आहे. देवळाखालची चार वळणं अजून बाकी आहेत. काका गणपतीला गावी जातील तेव्हा फोटो आणणार आहेत. कुणाला जीप चालवून बघायची असेल तर जेवणानंतर यावं. येताना कीबोर्ड आणावा, आमच्या कीबोर्डचं ब्रेकचं बटण अडकतं.